टेस्टोस्टेरॉनची उणीव आणि तरुणपणीचा निर्णय

तापी आणि गोमाई या नद्यांच्या संगमावर वसलेल्या प्रकाशा या गावाला खानदेशात दक्षिण काशी म्हणतात, आणि केदारेश्वराच्या दर्शनासाठी व पितरांच्या विधींसाठी दूरदूरची माणसे येथे येत असतात. १९५४-५५ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याच्या वतीने बी. के. थापर यांनी येथे जे उत्खनन केले, त्यावरून या जागी तीन हजार वर्षांपेक्षाही अधिक काळापूर्वी, थेट ताम्रपाषाणयुगात, मनुष्यवस्ती होती असे दिसून आले. जेथे पिढ्यान्‌पिढ्या मुले बापाचे आणि नातू आजाचे कार्य करीत आलेले आहेत, तेथे वंशसातत्याला केवढे मोल असणार हे सांगावयास नको. आणि म्हणूनच ज्या तरुणाला विसावे वर्ष उलटून गेले तरी मिसरूड फुटलेले नाही, ज्याचा आवाज अद्याप पोरसवदाच राहिला आहे, बरोबरीच्या मुलांची लग्ने जमत असताना ज्याच्या स्थळाचा विषय निघाला की घरातली माणसे गप्प होतात, त्याच्या मनावरचे ओझे इतरांच्या कल्पनेपेक्षा पुष्कळच जड असते.

अशा तरुणासाठी वैद्यकशास्त्राजवळ उपाय आहे. ज्या संप्रेरकाच्या योगाने देहात पुरुषत्वाची लक्षणे प्रकट होतात ते टेस्टोस्टेरॉन आज औषधरूपाने मिळते, आणि ज्याच्या शरीरात ते खरोखरच पुरेसे निर्माण होत नाही त्याला ते बाहेरून देऊन वाढीचे, बळाचे आणि मनःस्वास्थ्याचे पुष्कळसे नुकसान भरून काढता येते. परंतु हा उपचार सुरू करणे जितके सोपे तितके तो सोडणे अवघड असते, आणि अपत्यप्राप्तीच्या ज्या आशेने पुष्कळ तरुण त्याच्याकडे वळतात त्या आशेच्याच वाटेत तो आडवा येतो. म्हणून उणीव का आली याचा निर्णय आधी आणि इंजेक्शन मागाहून, हा क्रम या बाबतीत कटाक्षाने पाळला गेला पाहिजे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

वृषणांचा आणि पौरुषाचा संबंध मनुष्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गोऱ्हा खच्ची केल्यावर त्याची मस्ती उतरते हे प्रत्येक शेतकरी जाणतो. मात्र हा प्रभाव मज्जातंतूंच्या द्वारे नव्हे तर रक्ताच्या वाटेने पडतो, हे १८४९ साली जर्मनीतील ग्योटिंगेन येथे आर्नोल्ड बर्टहोल्ड याने कोंबड्यांवर प्रयोग करून दाखविले. वृषणे काढलेल्या कोंबड्याचा तुरा खुरटतो आणि त्याची बांग बंद पडते. पण तीच वृषणे पोटाच्या पोकळीत पुन्हा बसविली तर तुरा वाढतो आणि बांगही पूर्ववत ऐकू येते, असे त्याला आढळले. पुढे १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या नामांकित शास्त्रज्ञाने वयाच्या ७२ व्या वर्षी प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेऊन आपले तारुण्य परत आल्याचे जाहीर केले, तेव्हा जगभर मोठी खळबळ उडाली. त्या पाणचट अर्कात संप्रेरक जवळजवळ नव्हतेच आणि त्याला वाटलेला जोम हा केवळ मनाचा भास होता, हे आज आपल्याला कळते. खरे द्रव्य हाती लागण्यास १९३५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ॲम्स्टरडॅम येथे एर्न्स्ट लाकर यांच्या सहकाऱ्यांनी बैलांच्या सुमारे एक क्विंटल वृषणांतून अवघे १० मिलिग्रॅम स्फटिक वेगळे काढले आणि त्यास टेस्टोस्टेरॉन हे नाव दिले. त्याच वर्षी ॲडोल्फ ब्यूटेनांट आणि लिओपोल्ड रुझिका यांनी ते कोलेस्टेरॉलपासून कृत्रिम रीतीने तयार करण्याची पद्धत शोधून काढली. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांत विभागून देण्यात आले. आज जो तरुण या औषधाचे इंजेक्शन घेतो त्याच्यामागे एवढा इतिहास उभा आहे.

निरोगी प्रौढ पुरुषाच्या शरीरात दररोज सुमारे ६ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार होते. त्याच्या निर्मितीचा कारभार मेंदूच्या तळापासून सुरू होतो. हायपोथॅलॅमस नावाच्या भागातून दर दीड-दोन तासांनी एका प्रेरक द्रव्याची लहानशी लाट सुटते. तिच्यामुळे पिट्युइटरी ग्रंथीतून एल. एच. आणि एफ. एस. एच. ही दोन संप्रेरके रक्तात उतरतात; त्यांपैकी एल. एच. वृषणातील लायडिग पेशींकडून टेस्टोस्टेरॉन तयार करवून घेते, आणि एफ. एस. एच. शुक्रजंतूंच्या निपजेची व्यवस्था पाहते. जुन्या अमदानीत हुजूरदप्तरातून सुभ्याला आणि सुभ्याहून गावाला वसुलीचे हुकूम जात, आणि खजिन्यात पुरेसा भरणा झाला की नवे हुकूम सुटत नसत, तशातलाच हा प्रकार आहे. बाहेरून टोचलेले टेस्टोस्टेरॉन या खजिन्यात परभारे जमा होते. खजिना भरलेला पाहून वरचे हुकूम बंद पडतात, आणि हुकूम बंद पडल्यामुळे वृषणे आपले काम थांबवून हळूहळू आकाराने लहान होत जातात. शुक्रजंतू तयार होण्यासाठी वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण रक्तातल्या प्रमाणाच्या कितीतरी पट असावे लागते. ते इंजेक्शनाने कधीच साधत नाही. रक्ताच्या अहवालात आकडा उत्तम दिसत असताना वीर्यात एकही शुक्रजंतू सापडू नये, हा वरवर विसंगत वाटणारा प्रकार घडतो तो यामुळेच.

वयात येण्याची सुरुवात मिसरुडाने होते असा सर्वसाधारण समज आहे, पण वैद्य पाहतो तो वृषणांचा आकार. त्यासाठी झुरिच येथील आंद्रेआ प्राडर या बालरोगतज्ज्ञाने एक साधे उपकरण योजिले: दोऱ्यात ओवलेल्या लंबगोल मण्यांची एक माळ, ज्यातील सर्वांत लहान मणी १ मिलिलिटरचा आणि सर्वांत मोठा २५ मिलिलिटरचा असतो. एका हाताने मुलाचे वृषण चाचपायचे, दुसऱ्या हाताने माळेतले मणी चाचपायचे आणि जुळणारा मणी निवडायचा, इतकी ही पद्धत सोपी आहे. चार मिलिलिटरच्या मण्याएवढा आकार झाला की मूल वयात येऊ लागले असे मानतात, आणि वयाची १४ वर्षे पुरी होऊनही तो न झाल्यास चौकशी करावी असा संकेत आहे. पुष्कळ मुलांत हा विलंब घराण्यातच असतो. बापालाही उशिराच मिसरूड फुटलेले असते आणि थोड्या अवधीने मुलाचेही सारे आपोआप सुरळीत होते. अशा मुलास फारच मनस्ताप होत असेल तर महिन्यातून एकदा ५० मिलिग्रॅमच्या आसपास अल्प मात्रा तीन ते सहा महिने देऊन निसर्गाला चालना देतात आणि मग थांबतात. मोठी मात्रा घाईने दिली तर त्यातील काही भागाचे देहात इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होऊन हाडांची टोके वेळेपूर्वीच जुळून येतात आणि मुलाची उंची कायमची खुंटते.

काही तरुणांत मात्र विलंबामागे निश्चित दोष असतो. १९४२ साली हॅरी क्लाइनफेल्टर यांनी बोस्टन येथे वर्णन केलेल्या विकारात मुलग्याच्या पेशींत एक एक्स गुणसूत्र अधिक असते, ही गोष्ट १९५९ साली पॅट्रिशिया जेकब्ज आणि जॉन स्ट्राँग यांनी उघडकीस आणली. पाचशे ते हजार मुलग्यांत एकास हा विकार असतो. वृषणे लहान व टणक राहतात, उंची बहुधा चांगली असते, आणि निम्म्याहून अधिक जणांचे निदान जन्मभर होतच नाही. दुसरा विकार काल्मन यांच्या नावाने ओळखला जातो. ज्या पेशींतून हायपोथॅलॅमसचे प्रेरक द्रव्य निघते त्या पेशींचा जन्म गर्भावस्थेत नाकाच्या भागात होतो आणि तेथून त्या गंधाच्या मज्जातंतूंच्या आधाराने मेंदूत जातात. ही वाटचाल अडली की मुलगा वयात येत नाही आणि त्याला वासही येत नाही. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर अशा मुलाला इतरांसारखाच ठसका लागतो, कारण तिखटपणाची जाणीव निराळ्या मज्जातंतूंकडून होते. परंतु पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास त्याला कधी कळलेलाच नसतो, आणि जे कधीच नव्हते त्याची तक्रार तरी तो कशी करणार? म्हणून वैद्याने हा प्रश्न आपण होऊन विचारावा लागतो. याखेरीज न उतरलेली वृषणे, गालगुंडानंतरची सूज, वृषणाला पडलेला पीळ, कर्करोगावरील औषधे, पिट्युइटरीतील गाठ, किंवा थॅलेसेमियात वारंवार रक्त दिल्यामुळे त्या ग्रंथीत साठलेले लोह, अशी अनेक कारणे असू शकतात, आणि प्रत्येकाची वाट वेगळी असते.

नंदुरबार जिल्ह्यात या यादीत आणखी एका कारणाची भर घालावी लागते, ते म्हणजे सिकलसेल. भारतात या रोगाची नोंद प्रथम १९५२ साली नीलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. सातपुड्याच्या पट्ट्यातील भिल्ल व पावरा समाजांतही त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीत एका ठरावीक जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आल्यामुळे प्राणवायू कमी पडताच लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबवितात. हाडे, प्लीहा आणि फुप्फुसे यांना त्याची झळ पोहोचते हे सर्वांना माहीत असते. वृषणांनाही ती पोहोचू शकते याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. हा रोग असलेली मुले पुष्कळदा एक-दोन वर्षे उशिरा वयात येतात आणि त्यांपैकी काहींत टेस्टोस्टेरॉन पुढेही कमीच राहते. येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे: जो केवळ वाहक आहे, म्हणजे ज्याला हा दोष आईबापांपैकी एकाकडूनच आलेला आहे, त्याला ही भीती सहसा नसते. गावोगावी होणाऱ्या सोल्युबिलिटी तपासणीने दोषाची चाहूल लागते, पण वाहक कोण आणि रोगी कोण याचा निवाडा इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच. पी. एल. सी. या पुढच्या चाचणीने होतो.

या संदर्भात बिहारमधील बक्सर येथे जन्मलेल्या डॉ. आनंद प्रसाद यांचे स्मरण केले पाहिजे. इराणातील शिराझ येथे काम करीत असता, विशीतले असूनही शाळकरी पोरांसारखे दिसणारे काही खेडूत तरुण त्यांच्या पाहण्यात आले, आणि १९६१ साली त्यांनी त्या तरुणांविषयी लिहिले. निव्वळ भाकरीवर काढलेल्या दिवसांमुळे आहारातील जस्त अंगी लागत नव्हते आणि त्यामुळे वाढ व पौरुष दोन्ही खुंटली होती, असा निष्कर्ष त्यांच्या त्यानंतरच्या संशोधनातून पुढे आला. अमेरिकेत गेल्यावर त्यांनी सिकलसेलच्या रोग्यांतही जस्ताची उणीव दाखवून दिली. ज्याला उणीव आहे त्यालाच जस्ताचा गुण येतो, इतरांना नाही. पण आहाराची चौकशी न करता थेट संप्रेरकाकडे धाव घेऊ नये, एवढा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

निदानाची पद्धतही नीट समजून घेण्याजोगी आहे. टेस्टोस्टेरॉन पहाटे सर्वांत अधिक असते आणि तरुणांत संध्याकाळपर्यंत बरेच उतरते. पोटभर खाल्ल्यावरही ते खाली येते. म्हणून रक्त सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी द्यावे, आणि एका अहवालावर विसंबून न राहता काही दिवसांनी पुन्हा द्यावे. दर डेसिलिटरला सुमारे ३०० ते १००० नॅनोग्रॅम ही प्रौढाची सर्वसाधारण मर्यादा होय. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग, त्यामुळे प्रयोगशाळेच्या किंचित चुकीनेही आकडा इकडचा तिकडे होतो. ताप, सिकलसेलचा झटका, लागोपाठची जागरणे, अतिलठ्ठपणा, आणि वेदनांवर दीर्घकाळ घेतलेली ट्रॅमाडॉलसारखी औषधे यांनीही तो तात्पुरता घसरतो. आजारपणातल्या आकड्यावरून आयुष्यभराचा उपचार ठरवू नये. आकडा दोन्ही वेळी कमी आला आणि लक्षणेही जुळली, तर एल. एच. व एफ. एस. एच. तपासून दोष वृषणात आहे की वर मेंदूच्या बाजूस आहे हे ठरवितात: ती दोन्ही चढलेली असली तर वृषणे थकलेली, आणि उतरलेली किंवा बेताची असली तर वरूनच हुकूम येत नाही. मग प्रोलॅक्टिन, थायरॉइड, लोह, गुणसूत्रे, प्रसंगी मेंदूचा एम. आर. आय. अशी तपासणी कारणानुसार पुढे जाते.

आणि मग, पहिली सुई भरण्यापूर्वी, तज्ज्ञाने विचारलाच पाहिजे असा प्रश्न येतो: "भाऊ, पुढेमागे मूल व्हावं अशी इच्छा आहे ना?" याचे महत्त्व कळण्यासाठी एक प्रयोग सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांतील निरोगी पुरुषांना दर आठवड्यास २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन टोचून पाहिले, आणि त्याचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. उद्देश पौरुष वाढविण्याचा नव्हता. पुरुषांसाठी संततिनियमनाचे साधन म्हणून ते चालेल काय, हे पाहावयाचे होते. सहा महिन्यांच्या आत सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांच्या वीर्यातून शुक्रजंतू नाहीसे झाले, आणि आशियाई पुरुषांत हे प्रमाण त्याहूनही अधिक होते. औषध थांबविल्यावर बहुतेकांचे शुक्रजंतू काही महिन्यांत परतले. पण ते होते मुळातच धडधाकट पुरुष. ज्याची यंत्रणा आधीच दुबळी आहे, किंवा ज्याने वर्षानुवर्षे मनमानी मात्रा घेतल्या आहेत, त्याला परतीची तशी खात्री देता येत नाही.

सुदैवाने ज्याचा दोष वरच्या बाजूस आहे अशा तरुणास दुसरा मार्ग उपलब्ध आहे. एल. एच. चे काम करणारे एच. सी. जी. आणि जरूर पडल्यास एफ. एस. एच. यांची इंजेक्शने आठवड्यातून दोन-तीनदा दिली असता वृषणे स्वतःच जागी होतात, टेस्टोस्टेरॉनही तयार होते आणि पुष्कळांत कालांतराने शुक्रजंतूही दिसू लागतात. हा उपचार खर्चाचा आहे आणि त्यात एक-दोन वर्षे जाऊ शकतात. परंतु ज्याला बाप व्हावयाचे आहे त्याने आधी हीच वाट चोखाळावी. क्लाइनफेल्टरच्या रोग्यातही सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया करून काही वेळा शुक्रजंतू मिळविता येतात. ज्याच्या वीर्यात आज थोडे तरी शुक्रजंतू आहेत त्याने ते गोठवून ठेवण्याची चौकशी उपचारापूर्वीच केलेली बरी. सिकलसेलवरील हायड्रॉक्सियुरिया या गुणकारी औषधानेही शुक्रजंतू घटू शकतात. तथापि ते औषध आपल्या मनाने बंद करणे जिवावर बेतू शकते, म्हणून या गोष्टीचा विचार आपल्या डॉक्टरांबरोबरच व्हावा.

एवढे सारे पाहून उपचार ठरला, म्हणजे औषधाचे स्वरूप निवडावयाचे राहते. आपल्याकडे तेलात विरघळविलेली इंजेक्शने अधिक प्रचारात आहेत. एनान्थेटसारखा प्रकार दोन ते तीन आठवड्यांनी घ्यावा लागतो. त्यात सुरुवातीच्या दिवसांत उमेद आणि अखेरच्या दिवसांत मरगळ असे चढउतार जाणवतात. एरंडेल तेलातील १००० मिलिग्रॅमचे अनडेकॅनोएट पहिल्या सहा आठवड्यांच्या अंतरानंतर दहा ते चौदा आठवड्यांनी पुरते. ते घट्ट तेल कुल्ल्याच्या स्नायूत अगदी सावकाश सोडावे लागते आणि रोग्यास अर्धा तास दवाखान्यात बसवून ठेवावे लागते, कारण तेलाचे कण फुप्फुसात गेल्यास एकाएकी खोकल्याची उबळ येते. काही मिश्र इंजेक्शने शेंगदाण्याच्या तेलात असतात. ज्याला शेंगदाणा सोसत नाही त्याने तसे आधीच सांगावे. त्वचेवर लावण्याची जेल रोजची असते, आणि ती लावल्यावर हात धुऊन तो भाग झाकला नाही तर घरातील स्त्रिया व लहान मुले यांच्या अंगी तिचा अंश जाऊ शकतो.

गुण हळूहळू येतो. इच्छा आणि उत्साह यांत काही आठवड्यांत फरक पडतो, स्नायूंना काही महिने लागतात, हाडे भरण्यास वर्षे लागतात. त्याचबरोबर पहारा ठेवावा लागतो तो रक्ताच्या दाटपणावर. टेस्टोस्टेरॉनमुळे लाल पेशी वाढतात. त्यांचे रक्तातील प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, शेकडा ५४ च्या वर गेले तर औषध थांबवून कारण शोधतात, कारण दाट रक्तात गुठळी होण्याचे भय असते. तपासणी पहिल्या तीन ते सहा महिन्यांत आणि पुढे दर वर्षी व्हावी. सिकलसेलच्या रोग्यात ही खबरदारी दुप्पट घ्यावी लागते. लिंगाची ताठरता तासन्‌तास न उतरण्याचा जो वेदनामय प्रकार या रोगात होतो तो या औषधाने बळावू शकतो, आणि तसे झाल्यास रात्र असो की दिवस, ताबडतोब रुग्णालय गाठले पाहिजे.

ज्याला उणीवच नाही, तो तरुणही हल्ली या औषधाच्या नादी लागतो. व्यायामशाळेत कोणीतरी हातात कुपी ठेवतो, सहा महिन्यांत दंड फुगतात, आणि कुपी बंद होताच वृषणे झोपी गेलेली असल्यामुळे तो खरोखरच उणिवेचा रोगी बनतो. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास कायद्याने मनाई आहे, आणि कामशक्ती वाढविण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधी व जादूटोण्याच्या उपचारांविषयीच्या कायद्याने बंदी घातलेली आहे. तरी भिंतींवरील जाहिराती हटत नाहीत, कारण त्या ज्या भीतीवर पोसल्या जातात ती भीती हटलेली नाही. वीर्यनाशाने मनुष्य क्षीण होतो यासारख्या समजुतींविरुद्ध र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत चालविले आणि त्यापायी खटलेही सोसले. एवढ्या वर्षांनंतरही आपल्या मुलांना शरीराविषयीची पहिली माहिती भिंतीवरून मिळावी, ही खेदाची गोष्ट आहे.

म्हणून प्रकाशाच्या तरुणाला आणि त्याच्या आईबापांना माझे सांगणे साधे आहे. उशीर झालेला दिसत असेल तर नवससायास करावयाचे ते करा, पण त्यांच्यासाठी वैद्यकीय तपासणी लांबवू नका. नंदुरबारचे जिल्हा रुग्णालय जवळ आहे, आणि तेथून जरूर पडल्यास धुळे, सुरत किंवा मुंबईच्या अंतःस्रावतज्ज्ञाकडे चिठ्ठी घेऊन जाता येते. सिकलसेल तपासणीचे कार्ड असेल तर ते बरोबर न्या. दोन सकाळींचे अहवाल हाती आल्याशिवाय आणि मुलाबाळांविषयीचा प्रश्न कोणी विचारल्याशिवाय सुई टोचून घेऊ नका. विचारला गेला नाही, तर तुम्हीच विचारा. आणि उणीव खरी ठरली तर उपचार मोकळ्या मनाने, नियमाने घ्या. मधुमेहाला इन्सुलिन घेणारा माणूस कोणापुढे मान खाली घालीत नाही. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यानेही ती घालण्याचे कारण नाही, आणि तशी वेळ त्याच्यावर येऊ न देणे हे त्याच्या घराचे व गावाचे काम आहे.